सुताची नदी

"आठही बाजूंनी सोनं आहे, महाराज. मग तुमची हरकत तरी कशाला?"

सोमगीर गोसावी गुहेच्या तोंडाशी बसून ढगाकडं बघत होते. ढग डोंगर चढत होता, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा, थांबत थांबत.

हैबतराव देशमुख अजून उभाच होता. तरुण, देखणा, तलवारीपेक्षा बुद्धीचा गर्व जास्त. लहानपणी तो याच गुहेत शिकायला राहिला होता. पट खेळण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या परगण्यात कुणी नाही, असं लोक म्हणत. त्याचं स्वतःचं मतही लोकांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

"हरकत कुठं घेतली?" गोसावी म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही, एवढंच. परत सांग."

"मधोमध पांढरीची उंच जागा. पुराचं भय नाही. दक्षिणेला काळीभोर जमीन, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. उत्तरेला साग. पश्चिमेला कुरण. आणि ओढा अगदी उशाशी. वर बांध घातला की बारमाही बागाईत."

"आणि ओढ्याच्या खाली?"

"खाली?" हैबत हसला. "खाली काही नाही. भोयांची एक वाडी आहे. दहा-बारा चुली."

"बरं," गोसावी म्हणाले. "काही नाही, आणि दहा-बारा चुली."

हैबतनं पायथ्याकडं हात केला.

"महाराज, खाली लोक गाड्या जुंपून थांबलेत. शाळूची पेरणी तोंडावर आलीय. तुमचा होकार मिळाला की आजच खुंटी ठोकतो."

ते मात्र खरं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी मेटखेड्याचं अख्खं गाव येऊन बसलं होतं. जाती, उखळं, कोंबड्यांची डालगी, देव्हाऱ्यातले देव, सगळं गाड्यांत. मेटखेड्याच्या विहिरी खारट झाल्या होत्या. आधी गुरांनी तोंड फिरवलं. मग डाळ शिजेना. मग लेकरांची पोटं बिघडायला लागली, आणि एके सकाळी गाव उठलं. आता पेरणीआधी कुठंतरी टेकायला हवं होतं. नाहीतर वर्ष हातचं जाणार, आणि माणसं चार दिशांना पांगणार. पांगलेलं गाव पुन्हा गोळा होत नाही.

विहिरी खारट झाल्या, कारण वरच्या अंगाला नदीवर बंधारा पडला होता. वाहतं पाणी आटलं. जमिनीत मुरायला गोडं पाणी उरलं नाही, आणि तळचा खार वर आला.

बंधारा कुणाचा, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. थोरल्या देशमुखांचा. हैबतच्या वडिलांचा. त्यांच्या उसाच्या मळ्यासाठी. पण देशमुखांचं मीठ खाल्लेलं गाव. बोलणार कोण?

हैबतलाही ठाऊक होतं. पण मनाच्या ज्या खोलीत ते ठाऊक होतं, तिकडं तो सहसा जात नसे.

उलट त्याला अभिमान होता. दुसऱ्या कुणी या लोकांना वाऱ्यावर सोडलं असतं. आपण त्यांना नवं गाव देतोय. जागा निवडायला तो महिनाभर रानोमाळ हिंडला होता. गावाचं नावही त्यानं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. हैबतपूर.

त्या मुलखाची रीत अशी होती की नव्या गावाच्या पहिल्या खुंटीला दोन गोष्टी लागत. डोंगरावरच्या गोसाव्याचा होकार, आणि जुन्या पांढरीची मूठभर माती. पांढरी म्हणजे जिच्यावर घरं बसतात ती जमीन. काळी पोट भरते, पण माणूस जन्मतो आणि मरतो तो पांढरीवर. म्हणून जुन्या पांढरीची माती नव्या खुंटीखाली घालायची. ती माती गावातल्या सगळ्यात जुन्या माणसानं आणायची.

मेटखेड्याचं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे साळूबाई. ती गुहेच्या भिंतीला टेकून बसली होती. पदराच्या टोकाला माती बांधलेली. डोंगर चढून तिला अजून धाप लागत होती.

गोसाव्यांनी ढगावरची नजर काढली.

"पट मांड," ते म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

"महाराज, खाली लोक..."

"लोक थांबलेत. त्यांना थांबायची सवय आहे. मांड."

हैबतनं कोनाड्यातला पट काढला. त्याला बोटांनीच सगळं आठवत होतं. जाड कापड, त्यावर रंगवलेल्या चौकटी. काळी, पांढरी, कुरण, रान, खडक. आणि वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत मोकळं सोडलेलं एक निळं सूत. ती नदी.

खेळ सोपा होता. भाजक्या मातीची एक टोपी म्हणजे आपलं गाव. ती एकदा ठेवली की हलवायची नाही. गावाला लागून असलेल्या चौकटी गावाला पोसणार. काळीचे ज्वारीचे दाणे, रानाचे चिंचोके, कुरणाच्या कवड्या. आपली पाळी आली की पीक गोळा करायचं, गावाला खायला घालायचं, आणि उरलं तर एक घर वाढवायचं. घर म्हणजे एक तांबडी गुंज. खायला कमी पडलं तर एक गुंज उचलायची. ज्याच्या गुंजा जास्त, तो जिंकला.

नदीचा नियम तेवढा वेगळा होता. नदीकाठच्या गावाला मुभा असे, की आपल्या चौकटीत सुताला एक वेढा द्यावा. तो बांध. वेढा दिला की काळी दुप्पट पिकणार. पण सूत मोजकंच. वर वेढा पडला की त्याचं खालचं टोक तेवढं वर सरकायचं.

हैबतनं क्षणभरही विचार केला नाही. त्यानं टोपी वरच्या अंगाला ठेवली. भोवती काळी, रान, कुरण, आणि मधून सूत. डोंगराखाली त्यानं निवडलेली जागा हुबेहूब तशीच होती.

गोसाव्यांनी आपली टोपी खाली, जवळजवळ सुताच्या टोकाशी ठेवली. एक काळी चौकट, एक कुरण, बाकी खडक.

"तिथं?" हैबतला राहवलं नाही. "महाराज, तिथं काय आहे?"

"काही नाही," गोसावी म्हणाले. "कुणीतरी तिथंही असतं."

खेळ सुरू झाला.

ढग आता गुहेत शिरला होता. आधी उंबरठ्यावर थबकला, मग आत येऊन बसला. भिंती दिसेनाशा झाल्या. पटाच्या कडा दिसेनाशा झाल्या. मधल्या चौकटी तेवढ्या तरंगत राहिल्या, आणि त्यांच्यावर दोन हात. एक तरुण, एक म्हातारा.

हैबतनं पहिला वेढा दिला. दाणे दुप्पट झाले. गुंज मांडली.

दुसरा वेढा. दुसरी गुंज. मग दोन एकदम.

खाली सुताचं टोक एक चौकट वर सरकलं.

गोसाव्यांची काळी निम्मी पिकली. त्यांनी एक गुंज उचलली, तळहातावर ठेवली, आणि तिच्याकडं बघत बसले.

"तुमची पाळी झाली का?" हैबतनं विचारलं.

"होतेय. एक घर उठलंय. सामान बांधायला वेळ लागतो."

हैबत हसला. मोठ्या माणसांच्या बोलण्याला हसायचं असतं, तसा.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. ढगात सकाळ कुठली आणि दुपार कुठली. हैबतचं गाव वाढत होतं. त्याला वाटलं, गुंजांच्या मधून गल्ल्या दिसतायत. चुलींचा धूर वर येतोय. कुणीतरी पहाटेचं दळतंय, आणि जात्याची घरघर त्याच्या गुडघ्यांना जाणवतेय. कुठल्याशा ओसरीवर लोक त्याचं नाव घेत होते. हैबतपूर... हैबतपूर...

फार गोड वाटलं त्याला. इतकं सुख त्याला खऱ्या देशमुखीतही कधी झालं नव्हतं.

"थांब," गोसावी म्हणाले.

"का? खेळ अर्धाच झालाय."

"म्हणूनच. शेवटचा नियम तुला शिकवायचा राहिला. तू जिंकायला लागलास आणि निघून गेलास."

त्यांनी पटाची दोन टोकं धरली आणि सावकाश पट फिरवला. एक दाणाही हलला नाही. वरचं गाव गोसाव्यांपुढं आलं. खालचं गाव, उरल्यासुरल्या चार गुंजांसकट, हैबतच्या मांडीशी येऊन थांबलं.

"अर्ध्यावर पट फिरतो," गोसावी म्हणाले. "आता तुझी पाळी."

"पण ते माझं गाव आहे!"

"होतं."

"हा कसला नियम? मी ती जागा निवडली. एवढा विचार करून निवडली..."

"फार छान निवडलीस. मला काही कमी नाही."

हैबतचा चेहरा उतरला होता. पण तो हुशार होता, आणि हुशार माणूस लवकर हार मानत नाही. त्यानं एक काळी पिकवली, कुरणाच्या कवड्यांवर भागवलं. चारही गुंजा टिकवल्या. मनातून त्याला जरा बरंही वाटलं.

गोसाव्यांनी वर आणखी एक वेढा दिला.

सूत सरकलं. हैबतनं एक गुंज उचलली.

"महाराज, तुम्हाला त्या वेढ्याची गरज नव्हती. तुमचं कोठार भरलंय."

"गरज नव्हती. मुभा होती."

आणखी एक वेढा. हैबतनं दुसरी गुंज उचलली. या वेळी ती खाली ठेवायला त्याचा हात वळेना. हातात ती जड लागली. एवढीशी गुंज, पण आत कुणीतरी जागं असावं तशी. त्यानं ती कानाशी नेली. त्याला विहीर ऐकू आली. पोहरा तळाला घासत होता. खर्र... खर्र... आणि कुणीतरी बाई वरून विचारत होती, आलं का रे? आलं का?

हैबतच्या तोंडचं पाणी पळालं.

"थोडं सोडा की," तो म्हणाला. "एकच वेढा सोडा. तुमचं काही बिघडणार नाही."

"खालच्यांनी असं म्हणायचं असतं, हे तुला कुणी शिकवलं?"

गोसाव्यांनी पुन्हा सुताला हात घातला. टोक आता हैबतच्या शेवटच्या चौकटीत होतं. ते थरथरलं, आणि कापडावरून सरकायला लागलं.

"नगा वडू, बाबा!"

दोघांनी मान वर केली.

साळूबाई कधी जवळ येऊन बसली, कुणाला कळलं नव्हतं. तिला पट खेळता येत नव्हता. तिनं फक्त सूत पाहिलं होतं. तिची नजर त्या टोकावरून हलत नव्हती.

"आसंच सरकलं व्हतं," ती म्हणाली. "रोज जरा जरा. आज हितवर, उद्या तितवर. आमी काठाला बसून टोकाकडं बघायचो. पोरं म्हनायची, आजी, नदी माघारी कुटं चाललीया..."

"कुठं सरकलं होतं, साळू?" गोसाव्यांनी हळूच विचारलं.

म्हातारीनं तोंड उघडलं. मग तिची नजर हैबतवर गेली. धाकल्या धन्यांवर. तिनं पदर सावरला, मान खाली घातली.

"कुटं न्हाई, बाबा. खेळातलं म्हनते मी."



हैबतला लाज वाटली. ढगात कुणी आपला चेहरा पाहत नाही याचं त्याला त्या घडीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली. तिनं शिव्या घातल्या असत्या, तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिनं त्याला सांभाळून घेतलं होतं. तहानलेली ती, आणि सांभाळलं कुणाला, तर त्याला.

मग तो म्हणाला, "खुंटी भोईवाडीच्या खाली ठोकतो, महाराज. ओढ्यावर बांध घालत नाही. जमीन हलकी आहे, पण भागेल. नावही माझं नको."

"चांगलं गाव होईल."

"मग होकार द्या."

"दिला. साळू, माती सोड."

साळूबाईनं पदराची गाठ हातात घेतली. एक बोट घातलं, दुसरं घातलं. गाठ सुटेना.

"बोटांत बळ न्हाई, बाबा," ती म्हणाली.

"आण इकडं," म्हणत हैबत पुढं वाकला. गाठीवर तिची मूठ होती. जन्मभर पोहरा ओढलेली ती मूठ, आणि ती अशी आवळलेली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. बळ पुष्कळ होतं.

ती बघत होती दुसरीकडं. खाली, ढगाच्या पलीकडं, जिथं, ढग नसता तर, मेटखेडं दिसलं असतं.

"साळूबाई," हैबत म्हणाला. "तुला कुठं जायचंय?"

"तुमी नेशिला तितं, धनी."

"मी विचारतोय, तुला कुठं जायचंय?"

तिची मूठ छातीशी गेली.

हैबतनं हात मागं घेतला. तो पुन्हा पटाशी आला. वरच्या गावाजवळ सूत गुंडाळून गुंडाळून त्याची गाठोळी झाली होती. त्यातले पहिले वेढे त्याचेच होते.

"वेढा सोडायची मुभा आहे का, महाराज?"

"आजवर कुणी विचारलं नाही."

त्यानं नखानं एक वेढा सैल केला. मग दुसरा. मग गोसाव्यांचे. सूत हळूहळू खाली उतरलं, रिकाम्या चौकटींवरून, खडकांवरून, त्या दोन उरलेल्या गुंजांशेजारून, पार खालच्या काठापर्यंत. साळूबाई श्वास धरून बघत होती. टोक काठाला टेकलं तेव्हा तिनं कापडाला बोट लावलं, आणि ते कोरडंच बोट कपाळाला लावलं.

ढग उठायला लागला होता. पायथ्याशी गाड्या दिसू लागल्या. बैल सोडलेले. कुणीतरी तीन दगड मांडून चूल पेटवायच्या खटपटीत होतं.

हैबत उठला. दोन पावलं गेला, आणि वळला.

"तो बंधारा..." तो अडखळला. आजवर हे त्यानं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. "तो बंधारा आमचा आहे, महाराज. आबासाहेबांचा. त्यांचा मळा त्याच्यावर आहे. त्यांचं नाव त्याच्यावर आहे. त्यांच्यापुढं मान वर करून मी कधी बोललेलो नाही."

गोसावी दाणे वेचत होते.

"पेरणीच्या आत तो फुटला पाहिजे. नाहीतर हे लोक परत जाऊन करतील काय? आणि ते ऐकायचे नाहीत. मला घराबाहेर काढतील... त्यांना मी काय सांगू?"

गोसाव्यांनी पटाची घडी घातली. तिच्यावरून हात फिरवला.

"काही सांगू नकोस," ते म्हणाले. "मेटखेड्याच्या विहिरीतून एक तांब्या भरून ने, आणि आज जेवताना त्यांच्या पानाशी ठेव."